पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन गच्चीवर जा

प्रश्न विचारणारं जोडपं नोकरी करणारं आहे. आजवर दोघं फ्लॅटमध्ये राहिले. टाकी धुण्यापासून गच्चीच्या गळतीपर्यंत सगळं सोसायटी बघायची. गेल्या सप्टेंबरात त्यांनी कोल्हापूरच्या उपनगरात 18 वर्षं जुनं रो-हाऊस घेतलं आणि तेव्हापासून दर पंधरवड्याला काहीतरी नवीन निघतंय. नळ गेला, फाटक गंजलं, जिन्याच्या भिंतीला ओल दिसली. इंटरनेटवरून त्यांनी देखभालीची एक लांबलचक यादी काढली, तर तिच्यातली निम्मी कलमं बर्फाची आणि धुरांड्यांची. घर बिघडायच्या आधीच त्याची निगा राखायची तर सुरुवात कुठून करायची, आणि दोघांच्या नोकऱ्या सांभाळून हे जमवायचं कसं, असं त्यांनी विचारलंय. जिन्याच्या ओलीचा फोटोही जोडलाय. त्याबद्दल शेवटी लिहितो.

मी सिव्हिल इंजिनिअर. गेली 27 वर्षं नवीन बांधकामापेक्षा दुरुस्तीचीच कामं जास्त केली, कोल्हापूर-सांगलीत आणि घाटाखाली रत्नागिरीपर्यंत. तेवढ्या अनुभवावर सांगतो, ती यादी बाजूला ठेवा. आपल्याकडचं घर पाण्यानं खराब होतं. स्लॅबमधला गज पाण्यानं गंजतो, रंग पाण्यानं सुटतो, वाळवी ओलीच्या मागं येते, विजेचा धक्का ओल्या भिंतीतून बसतो. पाणी वरून येतं, जमिनीतून चढतं आणि घरातल्या पाइपांतून झिरपतं. ते कुठून येतंय, कुठं साठतंय आणि कुठून बाहेर जातंय एवढ्यावर नजर ठेवलीत तर निम्म्याहून जास्त काम झालं.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे नीट माहीत होतं. कौलारू घराची दर उन्हाळ्यात शाकारणी व्हायची. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेली रीप किंवा वासा बदलायचा आणि मृग लागायच्या आत सगळं पुन्हा चढवायचं. घर गळायला लागलं म्हणून कुणी शाकारणी करत नसे, उन्हाळा आला म्हणून करत. स्लॅबची घरं आली आणि ही सवय मोडली. स्लॅब म्हणजे एकदाच करायचं काम, अशी आपली समजूत झाली. माझ्याकडं येणाऱ्या दुरुस्त्यांपैकी बऱ्याचशा या समजुतीतूनच येतात.

स्लॅब आतून कसा खराब होतो ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं का सांगतोय ते कळेल. काँक्रीटमध्ये सिमेंटमुळं अल्कली असते आणि तिच्यामुळं आतलं लोखंड सुरक्षित राहतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत जातो आणि ही अल्कली हळूहळू कमी होते. घराच्या स्लॅबमध्ये गजाच्या खाली साधारण 20 मिलिमीटर काँक्रीट असतं, कामचलाऊ बांधकामात त्याहून कमी. तेवढं अंतर ओलांडून हवा आणि पाणी गजापर्यंत पोचलं की गंज चढायला लागतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतं. ती जागा नसते, म्हणून ते खालचं काँक्रीट फोडून बाहेर येतं. आपण म्हणतो "स्लॅबचे पोपडे पडले", पण तो पोपडा पडायच्या कित्येक वर्षं आधीपासून आत काम चालू असतं. तुमचं घर 18 वर्षांचं आहे. गच्ची कोरडी ठेवली तर ते अजून खूप वर्षं चांगलं राहील. ती ओली राहिली तर पुढच्या दहा वर्षांत मोठा खर्च निघेल.

म्हणून पहिली गच्ची.

एक घर सांगतो. निवृत्त शिक्षकांचा बंगला, स्वतः उभं राहून बांधून घेतलेला, नीटनेटका. मुलं पुण्याला, वरच्या मजल्यावर कुणी राहत नव्हतं. गुडघे दुखायचे म्हणून सर गच्चीवर चढणं टाळायचे. एका ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला, वरच्या खोलीत पलंगावर काँक्रीट पडलंय. जाऊन बघतो तर गादीवर परातीएवढा तुकडा पडलेला आणि वर उघडे पडलेले तीन गज, पाटीवरच्या रेघांसारखे. गच्चीवर गेलो तर घोट्याच्या वर पाणी. पाणी जायची दोन तोंडं होती. एकात दुधाची पिशवी अडकलेली, दुसऱ्यात शेजारच्या कडुनिंबाचा पाला बसून त्याचा चक्क लगदा झालेला. हात घालून तो काढला तेव्हा पाणी खळखळत निघून जायला वीस मिनिटंही लागली नाहीत. ते पाणी त्या एकाच पावसाळ्यातलं नव्हतं, आधीच्या दोन-तीन पावसाळ्यांतही तसंच साठत असणार, कारण गज तेवढे खाल्ले गेले होते. खोलीत कुणी झोपलेलं नव्हतं हे नशीब. सर मला म्हणाले, "अहो, मुलांच्या वह्या रोज तपासल्या, गच्ची तेवढी तपासायची राहिली." ते वाक्य मी विसरलो नाही.

तुम्हाला एवढंच करायचंय: गच्चीवरून पाणी उतरायची जी तोंडं आहेत, ज्यांना प्लंबर स्पाउट म्हणतात, ती पावसाळ्यात दर रविवारी बघायची. त्यांना घुमटाकार जाळी बसवून घ्या. सपाट जाळीवर एक पान आडवं पडलं तरी पाणी थांबतं, घुमटाकार जाळी बाजूंनी पाणी घेत राहते. आजूबाजूला झाडं असतील तर वळवाच्या पावसानंतर एक फेरी नक्की मारा, कारण वादळानं सगळा पाला तेव्हाच गच्चीवर येतो.

आणि आता शीर्षकातली गोष्ट. जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसात, पाऊस चालू असतानाच, छत्री घेऊन गच्चीवर जा. थांबल्यावर गेलात तर फक्त ओली गच्ची दिसेल. पाऊस चालू असताना गेलात तर पाणी कुठल्या बाजूला धावतं, कुठं घुटमळतं, कठड्याच्या कोपऱ्यात कुठं बुडबुडे येतात, टाकीखालच्या ओट्याशी कुठं तळं साचतं ते दिसतं. बुडबुडे येतात तिथं हवा बाहेर पडतेय आणि पाणी आत जातंय. खडूनं किंवा ऑइल पेंटनं तिथं खूण करा. पावसात खूण पुसली जाऊ शकते, म्हणून फोटोही काढून ठेवा. मग खाली या आणि त्याच जागेच्या खालच्या छताकडं बघा. अशा पंधरा मिनिटांत जे कळतं ते कोरड्या दिवशी मला दोन तास फिरून कळत नाही. हे मी मनापासून सांगतोय. माझी फी वाचवण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

गच्चीचा उतार साधारणपणे 100 ला 1 हवा, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच. जुन्या गच्चीत विटांचे तुकडे घालून कोबा केलेला असतो. त्यात कुठं खळगा झाला असेल तर पाणी थांबून दुसऱ्या दिवशीही डबकं दिसतं. एवढ्यासाठी सगळा कोबा उकरू नका. खळगा तेवढा भरून उतार दुरुस्त होतो. सगळ्यात जास्त गळती होते ती कठडा आणि स्लॅबच्या सांध्यातून. तिथं सिमेंटची गोलाई दिलेली असते, गवंडी तिला वाटा म्हणतात. वाट्याला चीर पडली की पाणी सरळ भिंतीत उतरतं आणि खालच्या खोलीत छताजवळ भिंतीला ओल येते. लोक त्या भिंतीला आतून वॉटरप्रूफ पुट्टी लावत बसतात. दरवर्षी वाट्यावरून हात फिरवा, नाणं किंवा हातोडीची मूठ हलकेच आपटा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत पोकळ झालंय, तेवढा भाग काढून पुन्हा करून घ्या.

दोन गोष्टींना मात्र नकार द्या. जुना कोबा गळतो म्हणून त्याच्यावरच दुसरा कोबा घालून देतो असं कुणी म्हटलं तर घालू देऊ नका. विटांच्या कोब्याचं वजन दर चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास जातं. एक थर स्लॅबनं वागवलाय, दुसऱ्यासाठी तो बांधलेला नाही. आणि छताचे पोपडे निघाले की गवंडी सिमेंटचा गिलावा मारून सपाट करून देतो, तेही नको. गंज आत चालूच राहतो आणि दोन वर्षांत गिलाव्यासकट पडतो. सैल काँक्रीट पूर्ण काढायचं, गज तारेच्या ब्रशनं चकचकीत घासायचा, गंजरोधक लावायचं आणि मग पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरनं भरायचं. गज बराच खाल्ला गेला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

पिंपळाबद्दल थोडं लिहायलाच हवं. कठड्याच्या चिरेत, स्पाउटच्या बाहेरच्या बाजूला, दोन पानांचं पोपटी रोप दिसतं. पक्ष्यांनी बी टाकलेलं असतं. घरातलं कुणी म्हणतं, पिंपळ आहे, राहू दे. कुणी येता-जाता वरचं तोडून टाकतं. तोडल्यानं ते मरत नाही, मूळ आणखी आत जातं आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट फुटतं. मी एका घरात कठड्यापासून खालच्या मजल्याच्या खिडकीपर्यंत भिंतीच्या आत उतरलेलं पिंपळमूळ काढलंय, मनगटाएवढं जाड. रोप दोन पानांचं असतानाच, पावसानं भिंत भिजलेली असताना, मुळासकट हळूच ओढून काढा आणि चीर भरून टाका. श्रद्धा असेल तर ते कुंडीत किंवा मोकळ्या जागेत लावा, छान जगतं.

गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर वळवाच्या आधी, म्हणजे मार्चअखेर, तिचे हुक आणि वायसर तपासून घ्या. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो वाऱ्यासकट. सुटलेला पत्रा उडून दुसऱ्याच्या घरावर पडतो आणि त्यात माणसं जखमी होतात.

आता भिंती आणि रंग. इथं आपली एक गोड सवय आपल्याला महाग पडते, ती म्हणजे दिवाळीचा रंग. चार महिने भिंत पाऊस पिते. बाहेरून कोरडी दिसली तरी ऑक्टोबरमध्ये आत ओल असते. त्यावर आपण पुट्टी आणि रंगाचा थर चढवून ती ओल आत कोंडतो. संक्रांतीपर्यंत फुगे आणि पुढच्या पाडव्याला पोपडे. रंगवाल्याला दोष दिला जातो, पण त्याला ऑर्डरच चुकीच्या महिन्यात मिळालेली असते. दिवाळीला फाटक, ग्रिल, दरवाजे रंगवा, घर झाडून-पुसून लख्ख करा. भिंतींचा रंग, विशेषतः बाहेरचा, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढा. गवंडी आणि वॉटरप्रूफिंगवालेही त्या दिवसांत मोकळे असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे फोन लागत नाहीत, आणि लागले तरी ते घाईत काम करतात.

त्याआधी सप्टेंबरात, पाऊस ओसरताना, एक काम करून ठेवा. घरात जिथं जिथं ओलीचा डाग दिसतो तिथं त्याच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. महिन्यानं डाग रेघेच्या आत आला तर पाणी पावसाचं होतं. रेघेवरच राहिला किंवा बाहेर गेला तर पाणी पाइपातलं किंवा जमिनीतलं आहे. दुरुस्तीचा निम्मा खर्च हा चुकीच्या जागी केलेल्या कामाचा असतो, आणि तो ही पेन्सिल वाचवते.

भेगांनाही हीच युक्ती. भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी खूण आणि तारीख. सहा महिन्यांत भेग खुणेच्या पुढं गेली नाही तर ती झोपलेली आहे, भरून टाका. कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यात सरळ उभी भेग जवळजवळ प्रत्येक घरात असते. दोन पदार्थ वेगवेगळे प्रसरण पावतात म्हणून ती पडते, घाबरायचं कारण नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून वाढत जाणारी भेग मात्र मनावर घ्या. बीम किंवा कॉलममध्ये गजाच्या दिशेनं जाणारी, तांबूस ओघळ असलेली भेग दिसली तर त्याच आठवड्यात इंजिनिअरला बोलवा.

बाथरूमचं दुखणं बहुतेक वेळा जमिनीतल्या जाळीपाशी असतं. तिच्या खालच्या भांड्याला देशभर नहाणी ट्रॅप म्हणतात, आपल्याच नहाणीवरून. त्यात पाणी साठून राहतं म्हणून गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. पाहुण्यांचं बाथरूम महिनोन्‌महिने वापरात नसेल तर ते पाणी सुकतं आणि वास येतो. लोक फिनेल ओततात, तांब्याभर पाणी ओतलं तरी पुरतं. ट्रॅपच्या कडेचा आणि टाइल्समधला सांधा सुटला की पाणी फरशीखाली जातं. दरवर्षी एकदा ट्रॅपच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवून बाथरूममध्ये इंचभर पाणी 24 तास ठेवा आणि खालचं छत बघा. सुटलेले सांधे इपॉक्सी ग्राउटनं भरून घेणं हे एका दिवसाचं काम आहे. फरशी फोडायची वेळ आली की तेच पंधरा दिवसांचं होतं.

पाण्याची टाकी सहा महिन्यांनी धुवा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास. रात्री सगळे नळ आणि टाकीत येणारं पाणी बंद करून टाकीच्या आत पातळीला खूण करा. सकाळी पातळी खाली गेलेली असेल तर घरात कुठंतरी झिरप आहे, बहुतेक वेळा फ्लशच्या टाकीत. तुमच्या घराच्या वयाचा विचार करता आत लोखंडी जीआय पाइप असू शकतात. सकाळी पहिल्या नळाला तांबूस पाणी येत असेल तर ते आतून गंजताहेत. मग एकेक गळती बुजवत बसण्यापेक्षा एकदाच प्लास्टिकचे सीपीव्हीसी पाइप टाकून घ्या. बोअरचं पाणी वापरत असाल तर गीझर आणि सोलरमध्ये क्षार बसतात, वर्षाआड ते काढून घ्या.

वीज आणि गॅस यांत चालढकल नको. वायरमनला एकच प्रश्न विचारा: घराला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का? एमसीबी जादा भार आला की पडते आणि वायर वाचवते, आरसीसीबी वीज गळायला लागली की पडते आणि माणूस वाचवते. 18 वर्षांपूर्वीच्या बऱ्याच घरांत ती नाही. असेल तर तिच्यावर टी अक्षराचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर ती शोभेची आहे, बदलून घ्या. अर्थिंगचा रोध वायरमनकडून दर उन्हाळ्यात मोजून घ्या, कारण जमीन सुकली की तो वाढतो. पंचगंगेच्या 2019 आणि 2021 च्या पुरानंतर पूररेषेजवळच्या अनेकांनी मीटर आणि बोर्ड उंचावर घेतले. तुमच्या गल्लीत तेव्हा पाणी कुठवर आलं होतं ते जुन्या शेजाऱ्यांना विचारा आणि त्यावरून ठरवा.

गॅसच्या सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की ती बदलायची, दिसायला कितीही चांगली असली तरी. बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर तो आजच बाहेर काढा. बंद बाथरूममध्ये त्याच्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस बेशुद्ध पडतो आणि दार आतून बंद असतं. वर्तमानपत्रात दर हिवाळ्यात अशी बातमी वाचतो तेव्हा त्रास होतो, कारण हे पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे.

उपनगरात ड्रेनेजची लाइन नसेल तर सेप्टिक टँक असेल. तो दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावा लागतो, तुंबायची वाट बघायची नाही. पालिकेची किंवा खासगी सक्शन गाडी बोलवा. कुणी माणूस आत उतरून साफ करतो म्हणाला तर कितीही स्वस्तात असो, त्याला उतरू देऊ नका. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि आतल्या वायूनं माणूस मिनिटांत दगावतो. आपल्या घराची निगा दुसऱ्याच्या जिवावर राखायची नाही.

वाळवीसाठी एवढंच: पायऱ्यांखाली, माळ्यावर, चौकटीच्या तळाशी मातीची बारीक नळी दिसते का ते तीन महिन्यांनी बघा. पुठ्ठ्याची खोकी भिंतीला टेकवून ठेवू नका. नळी दिसली तर नुसती पुसून टाकू नका, औषध मारणाऱ्याला ती जशीच्या तशी दाखवा.

आता तुमचा खरा प्रश्न, वेळ आणि पैसा. वेळ तुम्हाला वाटतो तेवढा लागत नाही. महिन्यात एका रविवारी अर्धा तास घराभोवती फेरी, पावसाळ्यात दर रविवारी दहा मिनिटं गच्ची, आणि वर्षातून दोन पूर्ण दिवस, एक फेब्रुवारीत आणि एक सप्टेंबरात. फेब्रुवारीच्या दिवशी काय काय करायचं ते ठरवायचं, सप्टेंबरच्या दिवशी पावसानं काय केलं ते बघायचं. एक दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहिलेलं सापडत नाही, निदान माझ्या गिऱ्हाइकांना तरी सापडत नाही. त्यात कुठला पाइप कुठून गेलाय, मेन व्हॉल्व्ह कुठं आहे, कुणी कधी काय काम केलं, कुठलं मटेरिअल वापरलं आणि किती पैसे लागले ते लिहा. आधीच्या मालकांशी संपर्क असेल तर त्यांच्याकडं अर्धा तास बसा. भिंतीतल्या पाइपांची माहिती त्यांच्याच डोक्यात असते आणि घर विकल्यावर ती हळूहळू पुसली जाते.

पैशाचं उत्तर तुमच्या जुन्या सोसायटीतच आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमावलीत, दुरुस्ती निधीसाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंडासाठी, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीसाठी, किमान 0.25 टक्के रक्कम ठरवून दिलेली आहे. दोन्ही मिळून एक टक्का. तिथंच इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि त्यापुढं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायला सांगितलंय. फ्लॅटमध्ये तुम्ही हे पैसे मेंटेनन्समधून भरतच होता. रो-हाऊसमध्ये ते मागणारं कुणी नाही, एवढाच फरक. जागेची किंमत सोडून तुमचं घर आज बांधायला 30 लाख लागतील असं धरलं तर वर्षाला 30 हजार, म्हणजे महिन्याला अडीच हजार. वेगळं खातं काढा आणि पगार झाला की ती रक्कम तिकडं वळवा. पहिली दोन वर्षं फारसा खर्च निघाला नाही तरी त्याला हात लावू नका, गच्चीचं काम एकदाच सगळं मागतं. तुमचं घरही ऑडिटच्या वयाचं आहे, तेव्हा एकदा इंजिनिअरला पूर्ण घर दाखवून घ्या.

माणसं धरून ठेवा. एक प्लंबर, एक वायरमन, एक गवंडी, शक्यतो गल्लीतल्या लोकांनी सुचवलेले. त्यांना छोट्या कामालाही बोलवा, ठरलेले पैसे त्याच दिवशी द्या, उन्हात काम करत असतील तर पाणी-चहा विचारा. रात्री अकरा वाजता पाइप फुटल्यावर तोच माणूस फोन उचलतो.

शेवटी जिन्याच्या ओलीचं. फोटोत डाग जमिनीपासून तीनेक फुटांवर, ताटाएवढा आणि एकाच जागी आहे. जमिनीतली ओल असती तर भिंतीच्या तळापासून आडवा पट्टा दिसला असता आणि त्यावर पांढरा लोणा आला असता. पाऊस जाऊन तीन महिने झाले, आता जानेवारी आहे आणि डाग ओलाच आहे. म्हणजे गच्चीचा संबंध नाही, हे पाइपाचं पाणी आहे. ती भिंत सामाईक आहे आणि पलीकडं शेजाऱ्यांचं बाथरूम आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यामुळं आधी त्यांच्याशी बोला, तक्रार म्हणून नको, मदत मागा. डागाभोवती पेन्सिलनं रेघ मारा. पहिले चार-पाच दिवस त्यांनी बाथरूममधला नळ-शॉवर बंद ठेवून जमेल तर दुसरं बाथरूम वापरावं, पण पाण्याची लाइन चालू राहू द्यावी. डाग आक्रसला तर दोष सांडपाण्याच्या पाइपात किंवा नहाणी ट्रॅपमध्ये आहे, सांधे भरून भागेल. तसाच राहिला तर पुढचे चार-पाच दिवस त्या बाथरूमचा व्हॉल्व्हही बंद ठेवायला सांगा. तेव्हा सुकायला लागला तर पुरवठ्याची लाइन झिरपतेय आणि तिथंच टाइल काढावी लागेल. तोवर तुमच्या बाजूनं पुट्टी किंवा रंग काहीही लावू नका, भिंत उघडी राहू द्या. आणि त्या भिंतीत जिन्याच्या दिव्याचं बटण आहे असं फोटोत दिसतंय. ते उद्याच वायरमनकडून बंद करून घ्या.